आधी शिसं, मग रॉड

"मोठा मासा गरवायचाय, कुठला रॉड घेऊ?" असा फोन गणपतीच्या आसपास दरवर्षी एक-दोन तरी येतात. कधी भाचा असतो, कधी भाच्याचा मित्र, कधी त्या मित्राच्या ऑफिसातला कोणी. मी उलट विचारतो, "शिसं किती ग्रॅमचं टाकणार?" शिसं म्हणजे आमिष लांब जावं आणि जागेवर राहावं म्हणून दोरीला बांधतात ते वजन. पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "शिशाचं बघू नंतर. मासा दहा-पंधरा किलोचा धरून चाला." गाडी इथेच चुकीच्या फाट्याला वळते.

पुळणीवर उभं राहून मोठा मासा धरायचा म्हणून आपण जो लांब, दणकट रॉड घेतो, त्याचं पहिलं काम मासा ओढणं हे नसतंच. शिसं आणि आमिष लाटा फुटतात त्याच्या पलीकडे नेऊन टाकणं, हे त्याचं पहिलं काम. मासा दमवतो तो मुख्यतः रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी अडवत-अडवत सोडणारा ब्रेक), आणि त्याच्या जोडीला तुमची कंबर नि तुमचा धीर. त्यामुळे रॉड निवडायचा तो माशाच्या वजनावरून नाही, फेकायच्या वजनावरून. हे एकदा डोक्यात बसलं की कॅटलॉगमधले निम्मे आकडे आपोआप सोपे होतात.

माझ्या डोक्यात ते पैसे घालवून बसलं. पहिला भारी रॉड मी मुंबईतून आणला. 14 फुटांचा, बुंध्याला मनगटाएवढा जाड वाटावा असा, वर छापलेलं वजन 300 ग्रॅमपर्यंत. दुकानात तो हातात घेतला तेव्हाच समुद्रातला सगळा माल आपलाच झाल्यासारखं वाटलं. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या टोकाला गेलो, 110 ग्रॅमचं शिसं लावलं, अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून फेकलं. शिसं पडलं पहिल्या फेसात. शेजारी एक काका साधी गरी घेऊन बसले होते. प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळलेला, हाताने डोक्यावर दोन वेढे फिरवून सोडायचा. त्यांच्या गरीपेक्षा माझं शिसं फार तर चार पावलं पुढे गेलं असेल. त्यांनी माझ्या रॉडचं टोक हातात धरून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ही काठी वाकता खंय? वाकणा नाय तर शिसां जातलां कसां?"

रॉडचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे, फक्त ते जरा उलगडून सांगायला हवं.

लहानपणची बेचकी आठवा. रबर फार मऊ असेल तर दगड पुढ्यातच पडतो. फार जाड असेल तर लहान पोराला ते ताणताच येत नाही, आणि दगड पुन्हा पुढ्यातच पडतो. रॉड म्हणजे तसंच एक स्प्रिंग. फेकताना शिसं मागे राहू पाहतं, हात पुढे जातात, त्या ओढाताणीत रॉड वाकतो आणि तुमची ताकद स्वतःत साठवतो. हात थांबले की तो सरळ होतो आणि साठवलेलं सगळं शिशाला देऊन टाकतो. जो रॉड वाकलाच नाही त्याने काही साठवलंच नाही. तेव्हा तुम्ही फक्त एक लांब बांबू हवेत फिरवत असता. 300 ग्रॅमच्या रॉडवर 110 ग्रॅमचं शिसं म्हणजे पैलवानाच्या बेचकीत चिंचोका.

उलटं केलं तर त्याहून वाईट. हलक्या रॉडवर जड शिसं लावून जोर लावला की रॉड नको तितका वाकतो, वेळेवर सरळ होत नाही, आणि एखाद्या फेकीला सांध्याजवळून 'टक' असा आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

आता हिशेब. रॉडवर छापलेला आकडा, समजा 100-250 ग्रॅम, हा शिसं आणि आमिष दोन्हींचा मिळून असतो. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. मोठ्या माशासाठी आमिषही मोठं लागतं: अर्धा बांगडा, बोयचं धड, माकुलाचा लांब तुकडा, नाहीतर अख्खी कुर्ली. अर्ध्या बोयचे 80 ग्रॅम धरा, वर 150 ग्रॅमचं शिसं, झाले 230. म्हणजे 150 ग्रॅमचं शिसं टाकणाऱ्याला 150 ग्रॅमचा रॉड पुरत नाही, 250 चा लागतो. काही रॉडवर आकडे औंसात असतात. एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम, तेव्हा 4 औंस 113 ग्रॅम, 6 औंस 170 आणि 8 औंस 227. कधी पाउंडातला आकडाही छापलेला असतो; तो दोरीच्या ताकदीचा, शिशाच्या वजनाचा नाही. दोन्हींची गल्लत करून रॉड आणलेले लोक मी पाहिलेत.

शिवाय छापील कमाल आकडा म्हणजे रोज गाठायची पातळी नव्हे. एसटीत '44 बसून, 11 उभे' असं लिहिलेलं असतं, तसाच तो. रॉड बरा चालतो तो त्या पट्ट्याच्या मधल्या-वरच्या भागात. 100-250 च्या रॉडवर एकूण 170 ते 220 ग्रॅम टाकलं तर तो खुलतो. कमाल आकड्याला टेकलात तर जोर सावकाश लावायचा, झटका द्यायचा नाही.

मग शिसं किती, हे ठरवायचं कसं? ते ठरवतो किनारा. कोकणात किनारे एकासारखे एक नाहीत.

अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, हे सहलीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. उत्तर कोकणात भरती-ओहोटीत पाणी बरंच चढतं-उतरतं. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला हा फरक साडेचार-पाच मीटरच्या घरात जातो. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे तो त्याच्या निम्म्यावर येतो. अलिबाग, दिवेआगर, दापोलीजवळचं कर्दे हे सपाट किनारे. तिथे लाटा एका ठिकाणी फुटत नाहीत, तीन-चार रांगांनी लांबून फुटत येतात, आणि पाणी मागे गेलं की तुम्हाला त्याच्यामागे चालत जावं लागतं. इथे खरंच लांब फेकावं लागतं, म्हणून 13-14 फुटांचा रॉड आणि मध्यम वजनाचं, हवेत नीट जाणारं शिसं.

याउलट गुहागर किंवा गणपतीपुळे. पुळण उतरती, पाणी झटकन खोल, लाट जवळच येऊन दाणकन फुटते. पोहणाऱ्यांसाठी धोक्याच्या पाट्या असतात त्या याचसाठी. इथे मासा पुष्कळदा 30-40 मीटरवर, लाटेने खणलेल्या चरातच फिरत असतो. शंभर मीटर फेकणारा त्याच्या डोक्यावरून आमिष पलीकडे नेऊन टाकतो. अशा ठिकाणी 12 फुटांचा रॉड भरपूर झाला, पण शिसं जड हवं, कारण परतणारी लाट ते ओढून पायाशी आणते.

तिसरा प्रकार खाडीच्या तोंडाचा. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, देवबागला कर्ली. मोठा मासा सापडण्याची आशा इथे सगळ्यात जास्त. जिताडा (आमच्याकडे चोणक), तांबोशी, घोळ, मोठी शिंगाळी (आमची शेंगटी), पाकट, मोरी, सगळी या तोंडांवर येणारी मंडळी. पण इथे आडवी ओढ असते. भरती-ओहोटीच्या मधल्या काळात पाणी नदीसारखं वाहतं, दोरीला कवेत घेतं आणि गोल शिसं गडगडत बाजूच्या माणसाच्या दोरीत नेऊन अडकवतं. मग भांडण. इथे 170-200 ग्रॅमचं, वाळूत रुतणारं पिरॅमिडच्या आकाराचं किंवा तारांचे पाय असलेलं शिसं लागतं. तारांचे पाय वाळूत नांगरासारखे बसतात आणि जोरात ओढलं की मागे दुमडून सुटतात. जड रॉडची खरी गरज असलीच तर ती इथे आहे, आणि ती माशापेक्षा पाण्यामुळे आहे.

वेळेचं गणित आपल्या आजोबांकडे होतंच: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. द्वितीयेला दीड वाजता. मुंबईकडे हे बऱ्यापैकी जुळतं, दक्षिणेला भरती थोडी आधी येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी आणि 120 ग्रॅमवरही भागतं. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला तेच शिसं जागेवर राहत नाही. म्हणून एकाच माणसाला एकाच किनाऱ्यावर दोन वजनं लागतात. रॉड असा घ्यावा की दोन्ही त्याच्या पट्ट्यात बसतील.

आता लांबीबद्दल, कारण इथे सगळ्यांना वाटतं की जितका लांब तितका चांगला. लांब रॉडचे फायदे दोन. एक, टोक जास्त मोठं वर्तुळ फिरतं, म्हणून शिशाला वेग जास्त मिळतो, अर्थात ते टोक तितक्याच झपाट्याने फिरवण्याची तुमची ताकद असेल तर. दोन, स्टँडमध्ये उभा केल्यावर दोरी पहिल्या दोन लाटांच्या वरून जाते. फेस आणि शेवाळ तिला धरत नाही. हा दुसरा फायदा लोक बोलत नाहीत, पण पावसाळा संपतानाच्या गढूळ पाण्यात तोच जास्त उपयोगी पडतो.

तोटा मात्र एकच आणि मोठा, तो मासा लागल्यावर कळतो. रॉडचा बुंधा कमरेला टेकवलाय, पुढचा हात बुंध्यापासून 70 सेंटीमीटरवर आहे, आणि रॉडचं टोक कमरेपासून आडव्या अंतराने 2.8 मीटर पुढे आहे असं धरा. ड्रॅग 4 किलोला लावलाय. तरफेचा शाळेतला नियम लावला तर 2.8 भागिले 0.7, म्हणजे चौपट. माशाच्या बाजूला 4 किलो, तुमच्या पुढच्या हातावर साधारण 16. पाण्याने भरलेली बादली एका हाताने उचलून धरा आणि वीस मिनिटं उभे राहा. मासा तिकडे चार किलोने ओढतोय, आणि तरफेची लांब बाजू त्याच्याकडे आहे. तोटा तुमचा.

यातून सुटका कशी होते? रॉड वाकतो म्हणून. वाकलेल्या रॉडचं टोक तुमच्या जवळ येतं, 2.8 मीटरचं अंतर पावणेदोन-दोनवर येतं आणि बादली हलकी होते. म्हणजे शिशासाठी वाकणारा रॉड हवा तसा तो माशासाठीही हवा. बुंध्यापर्यंत सावकाश वाकत जाणारा रॉड मोठ्या माशाला दमवताना माणसाला वाचवतो. फक्त टोकच वाकणारा, बाकी सळईसारखा ताठ रॉड फेकीत कुशल माणसाच्या हाती लांब जातो, पण पाकट तळाला चिकटून बसली की तोच रॉड माणसाची कंबर मोडतो. 'ॲक्शन' म्हणजे रॉड कुठून वाकतो आणि 'पॉवर' म्हणजे त्याला वाकवायला किती जोर लागतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात 'फास्ट ॲक्शन' हा शब्द 'चांगला' या अर्थाने वापरतात, त्याला भुलू नका. नवशिक्यासाठी मध्यम ॲक्शन आणि भरपूर पॉवर ही जोडी मला सगळ्यात भली वाटते. पटाईत लोक माझ्याशी वाद घालतील, घालू देत.

आणि ड्रॅग 4 किलोच का? तर दोरी 12 किलोची असेल तर ड्रॅग तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर, फार तर. गाठीत दोरी कमजोर होते, वाळूत घासते, मासा अचानक पलटतो. या सगळ्याची ती राखण. पुळणीवर उभ्या माणसाला लांब रॉडने 4-5 किलोपेक्षा जास्त ओढ फार वेळ सोसतच नाही. त्यामुळे 'हा रॉड 30 किलोचा मासा उचलतो' ही जाहिरात बिनकामाची. पुळणीवर मासा कोणी उचलत नाही. लाटेबरोबर वाळूवर आणायचा असतो.

कशापासून बनलाय, या प्रश्नाला तीन उत्तरं. फायबरग्लास जड, लवचीक, मार खाणारा. कार्बन हलका, चटकन सरळ होणारा, म्हणून फेक लांब, पण नाजूक. तिसरं दोन्हींचं मिश्रण. कार्बनच्या रॉडवर 24 टन, 30 टन, 40 टन असे आकडे असतात. तो आकडा कार्बनच्या धाग्याच्या ताठपणाचा आहे, रॉडच्या ताकदीचा नाही. टन वाढले की रॉड हलका आणि ताठ होतो, ठिसूळपणाही वाढतो. '98 टक्के कार्बन' यावरूनही नळीची भिंत किती जाड आहे, राळ कसली आहे, काही कळत नाही.

कोकणात कार्बनचा खरा शत्रू जांभा. रॉड खांद्यावर टाकून गडग्यावरून चढताना टोक जांभ्याला लागतं, एक बारीकसा टवका उडतो, आपण बोटाने पुसतो आणि विसरतो. दोन महिन्यांनी ऐन फेकीत रॉड बरोबर तिथूनच जातो. मग दोष दुकानदाराचा! माझा दुसरा रॉड असाच गेला आणि मी तो परत घेऊन भांडायलाही गेलो होतो. त्यांनी टवका बोटाने दाखवला तेव्हा मुकाट्याने रिक्षा पकडली. गडी नवीन असेल, पायवाट खडकाळ असेल, तर मिश्रणाचा रॉड घ्या. दीड-दोनशे ग्रॅम जास्त वजन झालं तरी चालेल.

कार्बनची आणखी एक गोष्ट, आणि ही गमतीची नाही. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या वाड्यांमधून किनाऱ्याकडे जाणाऱ्या पाणंदीवर विजेच्या तारा लोंबकळत असतात. चार मीटरचा रॉड जोडून उभा धरून तिथून चालत जाऊ नका. सांधे किनाऱ्यावर पोचल्यावर जोडा. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या दोन्ही काळांत गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून तिथून निघा. मोकळ्या पुळणीवर उंच टोक तुमचंच असतं.

कड्या, म्हणजे गाइड, या विषयावर मी जरा जास्त बोलतो असं घरचे म्हणतात. पण खारं पाणी रॉडला नाही खात, कड्यांना खातं. कडीची चौकट साध्या स्टीलची असेल तर एका मोसमात तिच्या पायाशी तपकिरी डाग येतो. 316 दर्जाचं स्टेनलेस टिकतं, टायटॅनियम त्याहून टिकतं आणि खिशाला त्याहून झोंबतं. कडीच्या आत जी गुळगुळीत रिंग असते ती सिरॅमिकची. तिला बारीक तडा गेला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, दोरी मात्र रोज थोडी थोडी कापली जाते. दुकानात कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून आतून फिरवून बघा. कुठे तंतू अडकला तर तो रॉड परत ठेवा. विणलेली दोरी, ज्याला ब्रेड म्हणतात, वापरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ब्रेड वाळू ओढून आणते आणि हलक्या रिंगेला करवतीसारखी खाच पाडते. जपानच्या फुजी कंपनीच्या कड्या जगभर वापरतात, पण नावापेक्षा बोळ्यावर विश्वास ठेवा.

रीळ बसतं ती जागा कुठे आहे हेही मापून घ्या. बुंध्याचं टोक काखेत धरा आणि हात रॉडवर सरळ पुढे करा. मूठ जिथे सहज पडते तिथे रीळ हवं. बुटक्या माणसाने उंच माणसाच्या मापाचा रॉड घेतला तर फेकताना दोन हातांमधलं अंतर इतकं वाढतं की खालचा हात नुसता लटकतो.

सांध्यांबद्दल थोडक्यात. एकात एक सरकणारे टेलिस्कोपिक रॉड पिशवीत मावतात आणि म्हणून पर्यटकांना आवडतात. जड कामाला मी ते घेऊ नका म्हणेन: सांध्यात वाळू शिरते, फेकीत तुकडे फिरतात आणि कड्या एका रेषेत राहत नाहीत. 13 फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड फेकायला उत्तम, पण त्याचा एकेक तुकडा दोन मीटरचा. लाल डब्यात तो कुठे ठेवायचा यावर कंडक्टरशी एक संवाद ठरलेला. 4.2 मीटरचा तीन तुकड्यांचा घेतला तर तुकडे दीड मीटरच्या आत येतात, मोटारसायकलवर पाठीला बांधता येतात, कोकण रेल्वेत बाकाखाली सरकतात. मी तोच वापरतो. सांध्यावर मेणबत्ती हलकेच घासली तर पकडही बसते आणि अडकतही नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सांधे सुटे करून ठेवा. जोडून ठेवलेला खारट रॉड पुढच्या खेपेला दोन माणसांनी रस्सीखेच करूनही सुटत नाही.

दुकानात रॉड हवेत झुलवून काही कळत नाही. प्रत्येक रॉड हवेत छान झुलतो. त्यापेक्षा एक लिटरची पाण्याची बाटली आणि दोन हात तंगूस बरोबर न्या. रॉड जोडा, दोरी सगळ्या कड्यांतून घ्या, बाटली टोकाला लटकवा. दुकानातल्या माणसाला बुंधा धरायला सांगून रॉड जमिनीपासून 30-40 अंशांत ठेवा आणि बाजूला उभे राहून वाक बघा. 250 ग्रॅमच्या रॉडचं वरचं एक-तृतीयांश अंग एका लिटरला छान कमान घेतं, मधला भाग थोडासाच हलतो. मग दुसरी बाटली लावा. आता वाक मधल्या भागात उतरायला हवा, एकसंध, कुठेही कोपरा न येता. सांध्याशी सपाट पट्टा दिसला, म्हणजे दोन्हीकडे वाक आणि मध्ये ताठ, तर तो सांधा पुढे त्रास देणार. हे सगळं सावकाश करायचं, झटका न देता, आणि रॉड सरळ उभा कधीच करायचा नाही. उभ्या रॉडचा सगळा भार एकट्या टोकावर येतो आणि टोक जातं. पुळणीवरही बहुतेक रॉड मोडतात ते मासा पायाशी आल्यावर, आनंदाच्या भरात रॉड आभाळाकडे केल्यावर.

दुकानदार नको म्हणाला तर? तर दुसरं दुकान. मला एकदाच कोणी नाही म्हटलंय.

जड रॉड घेतला की एका गोष्टीची जबाबदारी आपोआप येते. फेकीच्या झटक्यात दोरीवर शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. रिळावरची 10-12 किलोची दोरी तो सोसत नाही, तुटते, आणि 150 ग्रॅमचं शिसं गोळीसारखं सुटतं. समोर पोहणारी माणसं असतात, बाजूला उंटवाले, घोडागाडीवाले. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा बांधायचा, त्याला शॉक लीडर म्हणतात. अंगठ्याचा नियम असा: शिशाच्या प्रत्येक 28 ग्रॅममागे साडेचार किलोची ताकद. 150 ग्रॅमला 24 किलो, 200 ला 32. त्याची लांबी रॉडच्या दुपटीहून जास्त, म्हणजे फेकायच्या वेळी रिळावर त्याचे पाच-सहा वेढे उरतील इतकी. ज्यांना हा तुकडा बांधायचा कंटाळा आहे त्यांनी शनिवार-रविवारी गर्दीच्या पुळणीवर येऊ नये, हे मी तोंडावर सांगतो. आणि ब्रेड उघड्या बोटाने सोडू नका. पेराला पडलेला चर माझ्या तर्जनीवर अजून आहे. चामड्याच्या हातमोज्याचं एक बोट कापून घातलं तरी पुरतं.

कधी जायचं याचा रॉडशी संबंध आहे. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. त्या काळातल्या दर्यात 200 ग्रॅमचं शिसंही क्षणभर ठरत नाही, आणि पुळणीवर उभा राहिलेला माणूसही. रॉड तेव्हा माळ्यावर. नारळी पौर्णिमा झाली, पाणी जरा निवळलं की काढा. त्यानंतर हिवाळाभर पहाटे मतलई वारा पाठीमागून येतो, तो तुमचं शिसं दहा-पंधरा पावलं फुकट पुढे नेतो. दुपारनंतर खारा वारा तोंडावर, तेव्हा तेच शिसं तितकंच अलीकडे पडतं आणि दोरीला पोट सुटतं. रॉड जोखायचा तर पहाटेच्या फेकीवर जोखू नका.

गळाला पाकट लागली तर शेपटीच्या काट्यापासून लांब राहा. शेंगटीचे काटेही तसेच, आणि दोघांची कळ तासन्‌तास टिकते. करवत मासा किंवा मोठा गिटारमासा आला तर दोरी कापून पाण्यात सोडायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या रांगेत बसवलंय.

तो 14 फुटी रॉड मी विकला नाही. घ्यायला कोणी तयारच झालं नाही. पुढे देवबागला उधाणाच्या भरतीत, 200 ग्रॅमचं तारांच्या पायांचं शिसं आणि अख्खी कुर्ली लावून एकदा फेकला, तेव्हा तो पहिल्यांदा बुंध्यापर्यंत वाकला आणि शिसं तिसऱ्या लाटेच्या पलीकडे जाऊन पडलं. काका तिथेच होते, बाटलीला तंगूस गुंडाळत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "आता वाकता." आणि त्यांची गरी माझ्या दोरीत अडकू नये म्हणून दहा पावलं सरकून बसले.